बिघडवलेला स्वयंपाक

माझे काका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकी. टेबलावर मीठ ठेवायचं नाही, असा त्यांचा हुकूमच होता. वरून मीठ मागणाऱ्याकडे ते असे बघत, की तो बिचारा मुकाट्याने जेवून उठे. माणूस गर्विष्ठ, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. पण काकूंच्या आजारपणात त्यांनी जे केलं, त्याला माझा दंडवत.

काकूंचा ताप उतरला, पण जाताना भूक घेऊन गेला. अन्नावरची वासनाच उडाली. पोट दिवसभर रिकामं असलं तरी काही मागेना, आणि दोन घासांत म्हणे, झालं, भरलं. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. काका विनवण्या करून थकले.

एका रात्री मी त्यांच्याकडे जेवायला होते. काळजीच्या नादात काका भाजीत मीठच घालायला विसरले. काकूंनी तोंड वाकडं केलं. "अळणी आहे."

"शक्यच नाही!" काका कडाडले.

काकूंनी खात्री करायला आणखी एक घास घेतला. "अहो, अळणीच आहे! हिला विचारा." मी मान डोलावली, तरी काका ऐकेनात. मग काकूंनी पुन्हा खाऊन बघितलं. भांडता भांडता वाटी अर्धी रिकामी झाली. काका वाटीकडे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते मुद्दाम बिघडवायला लागले. कधी भाताचा गिचका, कधी करपलेलं सूप, आणि वर "फक्कड झालंय" असा तोरा. कॅन्टीनमध्ये एक शब्द ऐकून न घेणारा माणूस घरी रोज बोलणी खात होता. चूक सिद्ध करायला काकू रोज एक घास जास्त घेत. मलाही ते गिळावं लागे, म्हणून सांगते, फारच वाईट असायचं.

एका दुपारी काकांनी भाजीत मीठ ओतलं, तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "लवकर वाढा हो. पोटात कावळे ओरडताहेत."

काका गडबडले. "अगं, हे नको. दुसरं करतो पटकन."

"तोवर कोण थांबतंय?"

काकांच्या हातून झालेली ती सगळ्यात वाईट भाजी. काकूंनी तक्रारीचा शब्दही न काढता वाटी पुसून खाल्ली आणि विचारलं, "आणखी आहे?"

काका हातात डाव घेऊन रडायलाच लागले.