अरबाबाच्या तिजोरीतला पासपोर्ट

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात जगन्नाथ नार्वेकरला गिअरबॉक्सचा डॉक्टर म्हणत, आणि हे नाव खुद्द त्यालाही मनापासून पटलेलं होतं. गाडी गॅरेजच्या दारात यायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, तिसरा गिअर गेलाय. उघडून बघावं तर तिसराच गेलेला. आपण चुकलो, असं तो इथल्या बावीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता, आणि बायको विद्युल्लता ते वदवून घ्यायच्या फंदात पडली नव्हती.

असा हा पट्टीचा फोरमन, पण त्याचा पासपोर्ट त्याच्याकडे नसायचा. तो असायचा अरबाबाच्या, म्हणजे गॅरेजच्या अरब मालकाच्या तिजोरीत. सगळ्यांचेच तिथे असत. सुट्टीला जाताना रजिस्टरवर सही करून घ्यायचा, परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नेऊन द्यायचा. एरवी खिशात बताका, म्हणजे लेबर कार्ड, असलं की झालं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. फक्त शहाण्णव साली, एका गुरुवारी दुपारी, कुडाळहून वडील गेल्याचा फोन आला तेव्हा अरबाब लंडनला होता आणि तिजोरीची किल्ली त्याच्याबरोबर. जगन्नाथ घरी पोचला पाचव्या दिवशी. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. पण तेव्हापासून गावाकडचा फोन आला की पहिला प्रश्न एकच, "आई बरी आहे ना?"

दोन हजार दोनच्या मे महिन्यात लेकीने, पर्णिकाने, आईबापांना युरोपच्या बोटीवर धाडलं. ती दुबईत ट्रॅव्हल एजन्सीत होती, तिकिटं सवलतीत मिळाली. "बाबा, नो आर्ग्युमेंट्स," एवढंच म्हणाली. ऑफिसातल्या गुणवंतने रजिस्टर पुढे सरकवलं. "नार्वेकर, अठराला सकाळी नऊ वाजता परत. अरबाब विचारतो."

आता बोटीवर चढल्या चढल्या या माणसाने काय करावं? काउंटरवरच्या मुलीपुढे पासपोर्ट ठेवला आणि म्हणाला, "कीप इन सेफ." ती बिचारी सांगत होती की सर, जवळच ठेवा, शहरात लागेल. पण ऐकेल तो जगन्नाथ कसला! वर पावतीही मागून घेतली. विद्युल्लताने आपला मात्र पर्समध्येच ठेवला.

"अगं, देऊन टाक. हरवला तर?"

"माझा राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

चौथ्या दिवशी बोट बार्सिलोनाला लागली. बोटीचं कार्ड दाखवून दोघं उतरली आणि पाय दुखेस्तोवर हिंडली. झाडांच्या सावलीतला तो लांबलचक रस्ता जगन्नाथला आवडला. उभ्या उभ्या घेतलेली कॉफी नाही आवडली. दोन युरो म्हणजे सात दिरहम, म्हणजे ब्याण्णव रुपये, आणि कप एवढासा. शंभर वर्षं बांधकाम चाललेलं चर्च पाहून तो म्हणाला, "आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरला कधीच खलास केलं असतं." विद्युल्लता हसली. कित्येक वर्षांत दोघं अशी कामाशिवाय हिंडली नव्हती.

बोट सहाला सुटणार होती, शिडी साडेपाचला वर. साडेचारला बोटीची बस निघाली आणि पहिल्याच चढावर ढिम्म उभी राहिली. ड्रायव्हर जमाल, मूळचा मोरोक्कोचा, गिअरचा दांडा पुढेमागे खेचून घामाघूम झाला. जगन्नाथ मागच्या सीटवरून उठला.

"गिअरबॉक्स ठीक आहे," तो विद्युल्लताला म्हणाला. "खालचा रॉड सुटलाय. एक मोठी सेफ्टी पिन दे."

जमालशी तो आखाती अरबीत बोलला. जमालची अरबी वेगळी, पण हबीबी, म्हणजे दोस्ता, आणि यल्ला, म्हणजे चल, एवढं दोघांनाही समजत होतं. दहा मिनिटं जगन्नाथ बसखाली होता. बाहेर आला तेव्हा शर्ट काळा झालेला, रॉड जागेवर बसलेला, आणि समोर एक पोलीसबाई उभी, जेमतेम पर्णिकाच्या वयाची. भररस्त्यात बसखाली शिरलेला हा परका माणूस कोण, तिला हवी होती त्याची कागदपत्रं.

जगन्नाथने ऐटीत बताका काढून दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. जमालने वाचून दाखवलं, शारजा, मेकॅनिक. बाईंनी मान हलवली. हे इथे चालत नाही. पासपोर्ट दाखवा, नाहीतर चौकीवर चला.

"पासपोर्ट इन शिप," जगन्नाथ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर मनगटाकडे गेली. घड्याळात पाच वाजत आले होते. आपण चौकीवर बसलो तर सहा वाजता बोट जाणार, पासपोर्ट तिच्याबरोबर जाणार, आणि आपण इथे. पुन्हा तेच, शहाण्णव सालचं. आपण एकीकडे आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या तिजोरीत. तेव्हा निदान दुसऱ्याने ठेवला होता. यावेळी आपणच हौसेने नेऊन दिला.

"चुकलं माझं," तो विद्युल्लताला म्हणाला.

विद्युल्लता त्याच्याकडे बघतच राहिली. एरवी तिने हे वाक्य वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं. पण आत्ता ती त्याच्या दंडाला धरून उभी राहिली.

जमालने बाईंशी बरीच हुज्जत घातली. बसमध्ये चाळीस माणसं आहेत, याने बस चालू केली नसती तर सगळ्यांची बोट चुकली असती, तुम्हीच चला ना बंदरावर, तिथे बघा पासपोर्ट. अखेर बाई बसमध्ये चढल्या आणि जगन्नाथच्या शेजारी बसल्या. सेफ्टी पिन बंदरापर्यंत टिकली.

पाच वाजून वीस मिनिटांनी काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट खाली आणला. बाईंनी व्हिसा पाहिला, फोटो पाहिला, तोंड पाहिलं आणि पासपोर्ट जगन्नाथच्या हातात दिला. जगन्नाथने तो घेतला आणि सवयीने सरळ काउंटरवरच्या मुलीपुढे धरला.

बाईंनी त्याचा हात मध्येच अडवला. "नो," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या छातीकडे बोट केलं, मग त्याच्या खिशाकडे. "युवर्स. ऑलवेज." चांगलंच दरडावलं त्यांनी. बावीस वर्षं पासपोर्ट जवळ ठेवू नये म्हणून दरडावलेला माणूस आज ठेवला नाही म्हणून ओरडा खात होता. जगन्नाथला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. त्याने पासपोर्ट खिशात घातला आणि बटण लावलं.

अठरा तारखेला, नऊच्या ठोक्याला, तो गुणवंतच्या टेबलापुढे उभा राहिला. रजिस्टर उघडं होतं. जगन्नाथने त्यावर एक कागद ठेवला.

"हा झेरॉक्स. ओरिजिनल माझ्याकडे राहील."

"नार्वेकर, येड्यासारखं करू नका. अरबाब भडकेल."

"भडकू दे. सांग, नार्वेकर आत दोन नंबरच्या गाडीखाली आहे. बोलायचं तर तिथे या म्हणावं."

अरबाब दुपारी आला. त्या गाडीपाशी मिनिटभर उभा राहिला, खालून बाहेर आलेले पाय बघत. मग गाडी कधी होणार एवढंच विचारून निघून गेला.

जेवायच्या सुट्टीत जगन्नाथने कुडाळला फोन लावला. आईला आधी सगळं समजेचना, बोट कसली, पोलीसबाई कोण. मग हळूहळू समजलं.

"मगे आता कोणाक इचारूक नको?" तिने विचारलं.

"नको गे आये."

"बरा झाला," आई म्हणाली. "माझ्या वेळेक तरी येशीत."