गंडिकोट्याची घळई

माझ्या नवऱ्याला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा अर्ध्याहून जास्त नजर गेलेली होती. भोकरदन नाक्यावर डाव्या बाजूनं आलेली मोटारसायकल त्यांना दिसलीच नाही, म्हणून तपासायला गेलो. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय ती जपा. आम्ही जपली, तरी ती कमीच होत गेली.

त्यांनी जाफराबाद तालुक्यात तीस वर्षं भूगोल शिकवला. अमेरिकेच्या वाळवंटातल्या त्या प्रसिद्ध घळईचा धडा आला की फळाभर रंगीत खडूनं खडकांचे थर काढायचे. रिटायर झाल्यावर बघायला जाऊ, म्हणायचे. रिटायर झाले आणि वर्षभरात हे निघालं.

एक दिवस जेवताना म्हणाले, "आंध्रात गंडिकोट्याला तशीच घळई हाय. लहान हाय, पण गाडीनं जाता येतं."

"चालवणार कोण?"

"तू."

मी गाडी शिकले ती त्यांना दवाखान्यात न्यायला. संभाजीनगरच्या पुढं कधी गेले नव्हते. पण नाही म्हणायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी विचारून उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

तीन दिवस लागले. नांदेड ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "काळी माती संपली का? आता लाल लागंल बघ. मोठेमोठे गोल धोंडे दिसतील." आणि खरंच दिसले. मी सांगत गेले, ते समजावत गेले. कर्नूलपर्यंत ते शाळेतल्यासारखे बोलत होते. इतकं बोललेलं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

गंडिकोट्याला जुन्या किल्ल्यातून पुढं घळईच्या काठापर्यंत दगडांवरून चालत जावं लागतं. सकाळचे दहा वाजले असतील, ऊन तापलं होतं. काठाला कठडा नव्हता. त्यांची नजर तेव्हा पेपरची पुंगळी करून बघावं एवढीच उरली होती. मान हळूहळू फिरवत ते बघत राहिले.

"दगड दिसून राह्यला. परत दगडच. खाली काय हाय?"

त्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. मी मागून शर्ट धरला.

"सोड."

"पडताल तुम्ही."

"पडलो तर पडलो! सोड म्हणलं ना!"

फोटो काढणारी माणसं आमच्याकडं वळून बघायला लागली. चारचौघांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मी शर्ट सोडला नाही.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पाणी कोणत्या रंगाचं हाय?"

मी म्हणाले, "निळं."

"निळं कसं? हिरवट पायजे."

तेव्हा मी पहिल्यांदा खाली बघितलं. पाणी हिरवटच होतं. आल्यापासून माझे डोळे त्यांच्या चपलांवर आणि दगडाच्या कडेवर होते.

"हो, हिरवटच हाय," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

तिथंच एका दगडावर ते बसले. म्हणाले, "मला वाटलं होतं, सगळं एकदम दिसंल. असे तुकडे जोडून खोली कळत न्हाई." मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. तासाभरानं स्वतःच उठले आणि माझा दंड धरला. परतीच्या वाटेवर सीट मागं टाकून डोळे मिटून पडून राहिले. झोपले नव्हते, ते श्वासावरून कळत होतं.

दिवाळीपर्यंत उरलेली नजरही गेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी भेटायला आलं तर चांगले बोलतात, पण त्या प्रवासाचा विषय काढत नाहीत.

मध्ये एकदा दुपारी मीच म्हणाले, "तिथलं सांगू का तुम्हाला? कडे कसे होते, नदी कशी वळत होती?"

"तू तरी कुठं बघितलंस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. म्हणून मला जास्त लागलं.

मी उठून फ्रिजमधून औषध आणलं. त्यांनी मान मागं टेकवली. डोळ्यांत थेंब अजून रोज घालते. नजर येण्यासाठी नाही, दाब वाढून डोळे दुखू नयेत म्हणून.