पाठीचं दुखणं आणि विजयाचा संशय

विजया गेल्याची बातमी आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर आली, तेव्हा मला ती खरी वाटली नाही. खाली लगेच हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, त्यामुळे तर जास्तच शंका आली. ग्रुपवर आलेलं काहीही तपासल्याशिवाय खरं मानू नये, हे आम्हाला विजयानेच शिकवलं होतं. म्हणून मी सरळ तिच्याच नंबरवर फोन लावला. उचलला तिच्या नवऱ्याने, श्रीकांतने. "खरंय गं," एवढंच म्हणाला तो. सकाळी बाजारात जायला तयार होत होती, छातीत कळ आली, रिक्षा बोलावेपर्यंत सगळं संपलं होतं... फोन ठेवल्यावरही बराच वेळ मला वाटत राहिलं, कुठेतरी काहीतरी चूक झाली असेल.

आम्ही दोघी एका विमा कंपनीच्या घाटकोपरच्या शाखेत वर्षानुवर्षं शेजारी बसलो. ती अपघाताचे दावे तपासायची. संशय घेणं हे तिचं कामच होतं, आणि स्वभावही तसाच. डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरची सही ती उजेडात धरून बघायची. तिचा सगळ्यात जास्त राग होता पाठदुखीच्या दाव्यांवर. "हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं. पाठ काय, तोंडाने सांगायची आणि आपण ऐकायची," असं म्हणायची. अशातच वेसाव्याच्या चांगुणाबाई कोळणीचा दावा आला. धक्क्यावर बर्फावरून पाय घसरून ती पाठीवर पडली होती. काम होत नाही, असं तिचं म्हणणं. विजया कोणाला न सांगता एका सकाळी वेसाव्याच्या बाजारात गेली आणि चांगुणाबाईला डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालताना बघून, मोबाइलवर फोटो काढून आली. दावा नामंजूर झाला. चांगुणाबाई शाखेत भांडायला आली. आम्ही खुर्ची पुढे केली, तर बसली नाही. टेबलाला धरून सगळा वेळ उभीच. "त्या दिशी बरा वाटत व्हता म्हनून पाटी उचलली," असं परत परत सांगत होती. ती गेल्यावर विजया म्हणाली, "बघितलंस? बसत पण नाही. फुल नाटक." मला ते तेव्हा पटलंही होतं.

काही वर्षांनी विजया स्वतः घरी सिलिंडर सरकवताना वाकली आणि वाकलेलीच राहिली. कंबरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत जायची. उभं राहिलं तर जरा बरं, पण खुर्चीत बसलं की जीव जायचा. ती ऑफिसात फाइल कपाटावर ठेवून उभ्याने काम करायला लागली आणि कुजबुज सुरू झाली. ऑडिट आलं की हिची पाठ बरोबर दुखते. नणंदेने तर तोंडावरच विचारलं, "परवा लग्नात तर मस्त फिरत होतीस ना, वहिनी?" विजया एमआरआयची फिल्म पर्समध्ये घालून हिंडायची, कोणी शंका घेतली तर दाखवायला. माझ्याकडेही ती त्या दिवसांत विचित्र नजरेने बघायची. एकदा विचारलंच तिने, "तुला तरी खरं वाटतंय ना?"

एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनने फिल्म बघितली, तिच्याकडे जेमतेम बघितलं आणि याच आठवड्यात ऑपरेशन करून टाका म्हणाला. विजयाच्या कपाळावर आठ्या आल्या. "मला हात न लावता याला कसं कळलं?" मग मी तिला मुलुंडला एका वयस्कर हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, तिला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर; आडवं करून पाय सरळ वर उचलला, पायाचे अंगठे दाबून ताकद बघितली, लघवीवर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "गादी सरकलीय आणि नस दाबतेय, ते खरं. पण पायात ताकद आहे. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत, महिन्यांत आपोआप ओसरतात. अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा, व्यायाम शिकून घ्या. पाय लुळा पडायला लागला किंवा लघवी कळेनाशी झाली, तर मात्र एक दिवस थांबायचं नाही, धावत यायचं."

जिन्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "ऑपरेशन नको म्हणतोय... याला येत नसेल का गं?"

पण व्यायाम तिने केले, शिकवणारीवर संशय घेत का होईना. दुखणं हळूहळू उतरलं. सरळ रेषेत मात्र नाही. एक दिवस बादली उचलायची, दुसऱ्या दिवशी चप्पल घालता यायची नाही. पुढच्या खेपेला तिने डॉक्टरांना जरा चिडूनच विचारलं, "असं कसं? एक तर दुखतं, नाही तर दुखत नाही ना?"

"पाठ अशीच असते," ते म्हणाले. "बऱ्या दिवशी माणूस काम करणारच. म्हणून वाईट दिवस खोटे नसतात."

परतताना रिक्षात ती गुडघ्यांवर हात रोवून, अधांतरी बसल्यासारखी बसली होती. भांडुपच्या सिग्नलला म्हणाली, "ती उभीच राहिली होती गं." मला आधी कळलंच नाही, कोण ते. "ती वेसाव्याची बाई. बसताच येत नसणार तिला."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मेट्रोने वेसाव्याला गेलो. चांगुणाबाई दारातच उभ्याने सुकट निवडत होती. विजयाला तिने लगेच ओळखलं. "कनाला आयलीस गो? परत फोटू काढाला?"

विजया म्हणाली, तुझा दावा परत उघडायचा प्रयत्न करते, अर्जावर फक्त सही दे. चांगुणाबाईने कागद हातात धरला नाही. "सही घेशील न पुढं काय करशील, मना काय म्हायत?" विजयाने कागद मागे घेतला नाही. शेवटी चांगुणाबाईने पायाने स्टूल पुढे ढकललं. "बस."

"बसवत नाही. पाठ गेलीय माझी."

चांगुणाबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आली. वरून खालपर्यंत बघितलं. "नाटक तं नाय करीत ना?"

विजया हसली. कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना बघत होते, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. त्यावर चांगुणाबाई सही करायला तयार झाली. पण ती आत पेन आणायला गेली, तेव्हा विजयाच्या तपासनीस नजरेने टिपलं, की तिच्या उजव्या पायातली चप्पल दर पावलाला निसटतेय आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

दावा उघडला नाही. मुदत संपली होती, आणि स्वतःचाच निर्णय चुकीचा होता असं विजयाने लिहून दिल्यावर साहेबांना तिचाच संशय आला, ती बाई तुमची कोण लागते म्हणून. त्या पायाचा विषय मात्र विजयाने सोडला नाही. मुलुंडच्या डॉक्टरांनी चांगुणाबाईला टाचेवर चालायला सांगितलं, तर उजवं पाऊल उचललंच जाईना. ते म्हणाले, इथे ऑपरेशन लागेल, आणि लवकर. पाय पूर्ण सुधारेल याची खात्री देत नाही, पण थांबलात तर आहे तेही जाईल. चांगुणाबाई उठून उभी राहिली. "तू तुजा केलास नाय, न मना करायला लावतंस?"

विजया तिला साकीनाक्याच्या एका दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि पहिल्याने काय सांगितलं ते मुद्दाम लपवून ठेवलं. तोही तपासून तेच बोलला. तरी ऑपरेशनच्या सकाळी विजया मला म्हणाली, "हिचं काही बरंवाईट झालं तर... मी कशाला मध्ये पडले, सांग?" दुपारी चांगुणाबाई शुद्धीवर आली. पहिल्यांदा तिने विजयालाच विचारलं, "पाय हाय ना?" चादरीखाली बोटं किंचित हलली. पुढच्या काही महिन्यांत चप्पल पायात टिकायला लागली. पाऊल थोडं कमजोर राहिलं ते राहिलंच. पाट्या उचलणं तिने सोडलं, उंच फळी लावून उभ्याने मासळी विकायला लागली.

त्यानंतर चांगुणाबाई दर बुधवारी विजयाच्या घरी मासळी घेऊन यायची. आणि विजया, इतकं सगळं होऊनही, प्रत्येक माशाचा कल्ला उचलून तो आतून ताज्या मासळीसारखा लाल आहे का ते बघायचीच. "मनापन फसवनारी समजतंस?" चांगुणाबाई दर वेळी भडकायची. विजया म्हणायची, "तू नाही गं, मासा फसवेल." श्रीकांत आतून हसायचा. त्याला मासळीतलं ओ की ठो कळत नाही.

मी परवा त्याला भेटायला गेले, तो बुधवारच होता. दिवसकार्य आटोपल्यावर चांगुणाबाई त्या दिवशी पहिल्यांदाच टोपली घेऊन आली. दारात श्रीकांतने नुसताच हात पुढे केला. तिने पापलेट त्याच्या हातात दिलं नाही. आधी अंगठ्याने कल्ला वर केला, आतलं लालभडक त्याच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि तो मान हलवेपर्यंत तशीच धरून उभी राहिली.