आधी माझा गुडघा बघा

बिलोली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कोरोना आला. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढं व्हरांडा आणि अंगणात हातपंप. माझ्या आधी ती जागा बराच काळ रिकामी होती, त्यामुळं दाराला कुलूपच असायचं. मी रोज दार उघडायला लागले तरी गावातले लोक त्या इमारतीला ‘कुलपाचा दवाखाना’च म्हणत. मी ते हसण्यावारी न्यायची. त्या नावामागं काय काय साठलंय, हे मला दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात कळलं.

माझं माहेर लातूरचं. वडिलांची डाळीची आडत होती, आता ती भाऊ बघतो. त्या उन्हाळ्यात भावाला दम लागला, तसे वहिनीनं दोन-चार फोन लावले. मिलवाल्या व्यापाऱ्याच्या ओळखीनं त्याला संध्याकाळच्या आत एका खाजगी दवाखान्यात खाट मिळाली, ऑक्सिजन लागला आणि तो वाचला. त्याच सुमाराला आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका माणसाला ऑटोत घालून नांदेडला नेलं. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, कुठंच जागा नव्हती आणि फोन लावावा असं ओळखीचं कुणी नव्हतं. त्याच ऑटोतून त्याला परत आणलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. दोघांचा आजार एकच होता, वयही मागंपुढंच. भाऊ घरी आल्याचा मला केवढा आनंद झाला होता, पण गावात मी तो कुणाजवळ बोलून दाखवला नाही.

मग लस आली. तरुण मंडळींना सुरुवातीला मोबाईलवर नाव नोंदवल्याशिवाय ती मिळत नव्हती. सत्र भरायचं गावच्या शाळेत आणि सकाळी सकाळी शाळेपुढं नांदेडच्या गाड्या येऊन उभ्या राहायच्या. शहरात नंबर लागत नव्हता, म्हणून लोक मोबाईलवर आमचं गाव शोधून यायचे. माणसं वाईट नव्हती. एक बाई तर मला म्हणाली, “सिस्टर, तुमच्या गावातल्या लोकांचं आम्ही घेतोय असं वाटतंय हो, पण घरात सासूबाई आजारी आहेत, काय करणार?” नियमानं यादीत तिचं नाव होतं. गावातली पोरंबाळं आणि बायका मात्र लिंबाखाली उभं राहून गाड्या बघत. ज्यांच्याकडं तसा मोबाईलच नाही, ती माणसं नाव कुठून नोंदवणार?

पुढं जागेवरच नाव घ्यायला परवानगी मिळाली. आता गाव लोटेल, असं आम्हाला वाटलं. आमच्या गावची आशाताई भल्या सकाळी दवंडी देऊन आली. मी बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा घेऊन शाळेत बसले. गावातले काही लोक आले, पण वस्तीतलं एक माणूस आलं नाही.

दुपारी आम्ही दोघी वस्तीत गेलो. आम्हाला बघून दारं लोटली गेली. एका घराच्या ओट्यावर तेवढी एक आजी पाय पसरून बसली होती. केस पांढरे, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. वस्तीत तिचा शब्द चालतो, हे आशाताईनं मला वाटेतच सांगितलं होतं.

“आजी, लस घ्यायला चला ना,” मी म्हणाले.

“कशाला?”

“रोग होऊ नये म्हणून.”

“कोन्चा रोग?” तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “मला गुडघ्याचा रोग हाय. चार पावसाळे झाले, दुखून राहिला. त्यासाठी कोनी आलं न्हाई. सुनंचं पोट दुखायलं तवा तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं, जीपमदी बाळंत झाली ती, बिलोलीच्या रस्त्यावर. तवाबी कोनी आलं न्हाई. आता मोठ्या लोकायचा रोग आला तं तुमी सुई घेऊन घरापतोर आल्या. आमची आताच कशी आठवण आली?”

मी तेव्हा इथं नव्हते, एवढं म्हणता आलं असतं. पण ते तिच्या काय कामाचं?

“आधी माझा गुडघा बघा,” ती म्हणाली. “मग सुईचं बघू.”

मी खाली बसले आणि गुडघा बघितला. सुजलेला होता, आतून कटकट वाजत होता. माझ्या पिशवीत दुखण्याच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. सोबत बीपीचं यंत्र होतं म्हणून दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून मी पुन्हा मोजला. बीपी चांगलंच वाढलेलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. चक्कर येते का विचारलं, तर म्हणाली, “उन्हाची येते की. कोनाला न्हाई येत?”

तेवढ्यात आतून सून डोकावली. आजीनं माझ्याकडं बघत विचारलं, “च्या घेता का आमच्याइथला?”

आमच्या घरी कुणाला कुठल्या कपात चहा मिळायचा, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. त्यामुळं तिचा प्रश्न नुसता चहापुरता नाही, हे मला कळलं. “घेते की, साखर जास्त घाला,” मी म्हणाले. आशाताई खुदकन हसली. आम्ही तिघी ओट्यावर बसून चहा प्यालो. लोटलेली दारं हळूहळू किलकिली झाली. निघेपर्यंत मला एका बाईनं पोराची खरूज दाखवली, एकीनं स्वतःचा खोकला सांगितला. लसीचं मी पुन्हा काढलं नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते बिचारे त्या दिवसांत झोपेविना लाल डोळ्यांनी काम करत होते. मला वाटलं, चिडतील. पण ते म्हणाले, “त्यांचं काय चुकलं? आपण कोरोना सोडून बाकी सगळं बंदच करून टाकलंय.” बीपीच्या गोळ्या कपाटात थोड्याच होत्या, त्यातल्या त्यांनी काढून दिल्या आणि मंगळवारी स्वतः येतो म्हणाले.

मंगळवारी ते खरंच आले. वस्तीतल्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि जे येईल ते तपासत गेले. खरूज, खोकला, साखर, कान फुटलेलं पोर, बाळंतपणानंतर अशक्त झालेली बाई. लसीचा डबा आम्ही मुद्दामच आणला नव्हता. दुपार कलली तशी आजी काठी टेकत आली. गोळ्यांनी तिची चक्कर थांबली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं.

“सुई कुठाय?”

“आज आणली नाही आजी. आज फक्त तुमची दुखणी,” डॉक्टर म्हणाले.

“मंग कवा आनताव?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी हसू दाबलं.

पुढच्या खेपेला मी डबा घेऊन गेले, तर ती तयारच होती. मी तिला खरी अडचण सांगितली. लसीची बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते आणि तिच्यात दहा जणांपुरतं औषध असतं. एकट्या तिच्यासाठी उघडली तर बाकीचं वाया जाणार.

“वाया?” ती उठली. “थांबा जरा.”

आणि ती गुडघेदुखीची बाई काठी आपटत घरोघर गेली. “उठा गं, बाटली फोडायची हाय! आपल्या वाट्याची हाय, नांदेडवाल्यायला द्यायची काय?” एकीला हाताला धरून आणलं, पुतण्याला शिवी देऊन आणलं. माणसं जमली, पण सगळ्यांची नजर तिच्यावरच. तिनं मला विचारलं, “तुमी घेतली?”

“घेतली.”

“कोन्च्या हातात?”

“डाव्या.”

“मंग माझ्याबी डाव्यातच द्या.”

रात्री तिला ताप येणार, हे मला माहीत होतं, तसं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तरी सकाळी स्कूटी काढून मी आधी तिच्याच घरी निघाले. तिला काही झालं असतं तर त्या वस्तीत आमच्यावर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता. जाऊन बघते तर दारापुढं ही गर्दी. आत आजी जूनच्या उकाड्यात गोधडी पांघरून कण्हत होती. लोक माझ्याकडं बघत होते. मी ताप बघितला, गोळी दिली आणि तिच्याजवळच जमिनीवर बसून राहिले. बाकीच्यांनाही घरोघरी जाऊन बघून आले आणि परत येऊन बसले. दुपारी तिला घाम फुटला. तिनं गोधडी लाथेनं दूर केली आणि दारातल्या गर्दीकडं बघून म्हणाली, “काय तमाशा हाय का इथं? जावा आपापल्या घरी. मेले न्हाई मी.”

सगळी हसली. मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. सुनेनं मला भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, इतक्या चवीनं मी क्वचितच जेवले असेन.

त्यानंतर वस्तीत बाटल्या फुटत राहिल्या. सगळ्यांनी लस घेतली असं नाही. वीटभट्टीवरच्या त्या माणसाच्या बायकोनं पुष्कळ दिवस नाही म्हटलं. मी तिला आग्रह केला नाही, नुसती जात राहिले. एक दिवस ती आपणहून आली, दंड पुढं केला, लस घेतली आणि निघून गेली.

मंगळवार मात्र आम्ही सोडला नाही. नंतर नांदेडला झालेल्या एका बैठकीत मोठ्या साहेबांनी मला विचारलं, “तुमच्या वस्तीत प्रतिसाद चांगला दिसतोय. जनजागृती कशी केली?” पोस्टर, पथनाट्य, भिंतीवरच्या घोषणा, असं काहीतरी त्यांना अपेक्षित असावं. मी म्हणाले, “साहेब, मंगळवारी दवाखाना घेऊन जात होतो.” त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाईंना विचारलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

माझी अजून तिथंच नेमणूक आहे. मागं एकदा बदलीचा विषय निघाला होता, लातूरजवळची जागा मिळत होती. भाऊ म्हणाला, “ये की, किती दिवस लांब राहणार?” मी नको म्हणाले. त्याला कारण नीट सांगता आलं नाही.

परवा, भर दुपारी, बाळांच्या लसीकरणाचं सत्र लवकर आटोपलं. मी उपकेंद्रातल्या बाकावर जरा टेकले आणि तिथंच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा खोलीत अंधार होता. ऊन आत येऊ नये म्हणून कुणीतरी दार लोटून घेतलं होतं, खिडकीवर ओलं लुगडं टाकलं होतं. बाहेरून दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं. मी दार उघडलं. व्हरांड्यात वस्तीतल्या बायका लेकरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तपासायला आल्या होत्या, बराच वेळ झाला असावा.

“अगं, उठवायचं ना मला!” मी म्हणाले.

“झोपू द्यावं म्हनलं,” त्यातली एक म्हणाली. “घाई कोनाला हाय?”

मी हातपंपावर तोंड धुतलं आणि पहिल्या लेकराला मांडीवर घेतलं.