पान उलटायला जागा

आमच्या शेजारचे भाऊजी संगीत लिहितात. गात नाहीत, वाजवत नाहीत, लिहितात. खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याने एकदा विचारलं, "म्हणजे गाणी?"

"शब्द नसतात," भाऊजी म्हणाले.

"मग सिनेमात मागून वाजतं ते?"

"सिनेमाही नसतो."

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

मी त्यांचं नाव खोडरबर ठेवलंय. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि ती नुसती नावाला. सकाळी पलीकडून पियानोचा एक सूर येतो, मग थोडी शांतता, मग पेन्सिल, आणि मग किती तरी वेळ खर्र खर्र. शेवटी कागदावर फुंकर. नवरा म्हणतो फुंकर भिंतीतून ऐकू येत नाही, तू कान लावतेस. लावते. घरात दुसरं ऐकण्यासारखं काय आहे?

ही खोडण्याची सवय त्यांच्या सरांनी लावलेली. विशीत असताना भाऊजी त्यांच्याकडे शिकायला गेले. सर एक सुरावट द्यायचे, तिच्यावर दुसरी रचून आणायची. दोघींनी बरोबर चालायचं, पण एकमेकींच्या पायात पाय घालायचा नाही. कित्येक वर्षं एवढंच. मग सर पानावरून बोट फिरवत जायचे. जिथे विरामाची खूण दिसेल, म्हणजे वाद्याने क्षणभर गप्प बसायचं असेल, तिथे बोट थांबायचं. सर ओरडायचे नाहीत. डॉक्टरने पोट दाबून विचारावं तसं हळूच विचारायचे, "इथे काही सुचलं नाही का?"

त्या प्रश्नाची भाऊजींनी इतकी धास्ती घेतली की विराम लिहिणंच सोडलं. आता कानशिलं पांढरी झाली, तरी दर गुरुवारी दुपारी कागदाची सुरळी काखेत मारून सरांकडे जातात. माहेरवाशीण सासरी परत निघावी तसा चेहरा. सर काही ना काही चूक काढतात, कागद परत घरी येतो, खर्र खर्र, आणि पुढचा गुरुवार. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांचं एकही काम लोकांसमोर वाजलेलं नाही. सगळं कपाटात.

त्यांची बायको शहरातल्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवते. व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण म्हणजे व्हायोला. मला ताई म्हणते, कॉफी प्यायला येते आणि मी विचारायच्या आतच सगळं सांगते, म्हणून मला आवडते. तिनेच घाट घातला. दोन व्हायोलिनवाल्या मैत्रिणी, चेलो, म्हणजे गुडघ्यांत उभं धरायचं मोठं व्हायोलिन, वाजवणारे एक आजोबा आणि ती स्वतः, असे चौघे मिळून भाऊजींची रचना वाजवणार. छोटं सभागृहही ठरलं. मी म्हटलं, छान, चांडाळचौकडी. ती हसली नाही.

"एकच अट घातलीय ताई. सरांना दाखवायचं नाही. एकदा तरी त्याने आपलं आपण लिहावं. हेही कपाटात गेलं ना, तर पुन्हा मी कुणाला विचारणार नाही."

भाऊजींनी कबूल केलं. मग प्रत्येक गुरुवारी ते बूट घालायचे, जिना अर्धा उतरायचे आणि पायरीवर बसून राहायचे. मी वरून विचारलं, "भाऊजी, किल्ली विसरलात?"

"नाही वहिनी. बसलोय नुसता."

थोड्या वेळाने बूट वर यायचे.

तालीम त्यांच्याच घरी झाली. वाजवणाऱ्यांना बिनहाताच्या खुर्च्या लागतात, नाहीतर कोपर अडतं. तसल्या खुर्च्या माझ्याकडे. खुर्च्या माझ्या, म्हणजे मी बसणारच. मी दाराशी स्टूल घेऊन बसले. भाऊजी खिडकीशी, हातात खोडरबर.

सुरू झालं. वाईट नव्हतं, पण बाई गं, जीव गुदमरला. चौघेही सारखे वाजवताहेत, कुणी थांबेना. वाटलं, खच्चून भरलेल्या लिफ्टमध्ये अडकलेय आणि मजला येतच नाही. आणि मग एकदम चौघेही थांबले.

पान संपलं होतं. दोन्ही हात वाद्यात गुंतलेले, पान उलटणार कोण? व्हायोलावालीने मला नंतर सांगितलं की संगीत उतरवणारा कुणीही पानाच्या शेवटी विराम येईल असं बघतो. पण विरामच नाहीत तर येणार कुठून? त्यात भाऊजींचं काम नीटनेटकं. चारही वाद्यांची पानं एकाच मापाने आखलेली, म्हणून सगळ्यांचं पान एकाच जागी संपलं.

चार पानं उलटल्याचा आवाज आला. आजोबांचा श्वास ऐकू आला, खाली कुणीतरी बादली ठेवली ती ऐकू आली. मग पुन्हा सूर लागले, आणि माझ्या अंगावर काटा आला. सूर तेच होते, पण आता आत जायला दार होतं.

"चूक झाली," भाऊजी लाल झाले. "आजच दुरुस्त करतो."

"कशाला?" चेलोवाले आजोबा म्हणाले. "सबंध रचनेत मला हीच जागा आवडली. राहू दे."

"राहू दे," व्हायोलावाली म्हणाली.

"सर विचारतील."

"सर कुठून आले?"

भाऊजी हातातल्या खोडरबराकडे बघत म्हणाले, "मी बोलावलंय त्यांना. ऐकायला. दाखवलं नाहीये."

चौघांनी वाद्यं पेटीत घातली. मी माझ्या खुर्च्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्याकडे चिकटपट्टी मागायला आले. दिवसभर पलीकडे टर्र टर्र चाललं होतं. सगळी पानं शेजारी शेजारी जोडून त्यांनी प्रत्येकाची एकेक लांबलचक पट्टी केली. उलटायला पानच नको.

कार्यक्रमाला मी भाऊजी आणि सरांच्या मागच्याच रांगेत बसले. सर अगदी किरकोळ निघाले, फुंकर मारली तर उडतील असे. बोट मात्र गुडघ्यावर चालत होतं, पानावर चालावं तसं. मंचावर प्रत्येकापुढे स्टँडची रांग, त्यावर ती पट्टी, धोतर वाळत घालावं तशी. तालमीत पान संपलं होतं त्या जोडाची जागा आली. व्हायोलावालीने गज खाली घेतला, हात पुढे केला आणि नसलेलं पान सावकाश उलटलं. बाकीचे तिघे थांबले. ठरवूनच आले होते लबाड.

सभागृह गप्प. सरांचं बोट थांबलं.

"इथे काही सुचलं नाही का?"

भाऊजींची मान मला मागून दिसत होती. घाम आलेला.

"सुचलं होतं, सर," ते म्हणाले. "वाजवणाऱ्यांची चूक झाली."

टाळ्या बऱ्या पडल्या. बाहेर व्हायोलावालीने मला गाठलं. "ताई, तुम्ही मागेच होतात. काय बोलले दोघं?"

मी म्हटलं, माझ्या शेजारचा माणूस खोकत होता. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढचं विचारलं नाही.

गुरुवारी भाऊजी जिन्यात दिसले. काखेत चारही पट्ट्यांची सुरळी नव्हती, नुसता मूळ कागद होता.

"आता काय दाखवायचं राहिलं भाऊजी?"

"सर म्हणाले, आणून दाखव," ते म्हणाले आणि पायरीवर न बसता सरळ खाली उतरले.

ते कोपऱ्यावर वळले नसतील तोच माझी बेल वाजली. दारात व्हायोलावाली, चारही पट्ट्या दोन्ही हातांवर घेतलेल्या.

"ताई, कात्री आहे? पानं पुन्हा सुटी करायचीत."

मी कापडाची मोठी दिली.