समोर लोक आहेत

फोन माझ्या नावानं परस्पर बोलायला लागला आणि आमच्या जिन्यात कुणाचा कुणावर विश्वास उरला नाही. आता सगळं निवळलंय म्हणून हसत सांगतो. तेव्हा कुणी हसलं असतं, तर समोरच्या वहिनींनी त्याला त्याच जिन्यावरून खाली पाठवलं असतं.

मी वेरूळला पाहुण्यांना लेणी दाखवतो. लोकांना वाटतं हे काम पायांचं आहे. नाही, हे काम घशाचं आहे. कैलासाच्या हत्तीसमोर मी हात वर करून उभा राहतो, आवाज हळूहळू खाली आणतो, पाहुणे पुढं सरकतात, एखादं लेकरू आईचा पदर धरतं, आणि नेमका त्याच क्षणी माझ्या खिशात फोन थरथरतो. कुणाला तिकीट विचारायचं असतं, कुणाला जेवायची सोय. उत्तर दिलं नाही तर पाहुणा दुसरा गाईड धरतो. उत्तर द्यायला गेलो तर समोरचा हत्ती पुन्हा दगड होतो.

तोड सांगितली समोरच्या मुलीनं. छावणी भागातल्या आमच्या इमारतीत आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं आहेत. एक आमचं, दुसऱ्यात वहिनी आणि त्यांची मुलगी. वहिनींचे यजमान फार लवकर गेले. मुलगी शिकली, एका कंपनीत लागली, आणि घराचं दार तेव्हापासून पुन्हा दिवसभर उघडं राहायला लागलं. ती म्हणाली, "काका, फोनमध्ये सोय असते. तुम्ही कामात असलात की आलेल्या मेसेजला तोच उत्तर देतो. मजकूर एकदा लिहून ठेवायचा. 'कामात आहे, नंतर फोन करतो.' टाकू?"

"छे! त्यात जीव कुठंय?"

मी खोलीत एक चक्कर मारली, खिडकीशी थांबलो आणि सांगितलं, "लिही. आत्ता बोलता येत नाही. समोर लोक आहेत. भेटल्यावर सगळं सांगतो."

तिनं टाईप केलं आणि स्क्रीनकडं बघत राहिली. "काका, हे जरा खून झाल्यासारखं वाटतंय."

"वाटू दे. माणूस भेटायला येईल की नाही?"

पहिला संशय माझ्याच घरात आला. बायकोनं दुपारी मेसेज करून विचारलं होतं, येताना कोथिंबीर आणाल का. संध्याकाळी मी दारात आलो तर ती हाताची घडी घालून उभी.

"सांगा."

"काय सांगू?"

"भेटल्यावर सगळं सांगतो म्हणालात ना? भेटलोय. समोर कोण होतं?"

"सोलापूरचं भजनी मंडळ."

"आणि त्यांच्यासमोर कोथिंबिरीचं नाव काढता येत नव्हतं?"

मी फोनची सगळी करामत समजावली. तिनं ऐकून घेतलं, पण पुढं कितीतरी दिवस मी सरळ काही बोललो तरी ती मान तिरकी करून विचारायची, "हे तुम्ही बोलताय की तो?"

एव्हाना वहिनींच्या घरी एक स्थळ चालत आलं होतं. मुलगा हर्सूलचा, नोकरीला. त्याचे वडील मवाळ, घरात शब्द चालायचा तो चुलत्यांचा. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा-मुलगी बाहेर जाऊन चहा पिऊन आले. याआधीच्या प्रत्येक स्थळाला मुलीनं काहीतरी खोट काढली होती. कुणी फार हसतो, कुणी हसतच नाही. या वेळी तिनं आईला एवढंच विचारलं, "हर्सूलहून माझ्या कंपनीकडं जायला बस थेट आहे का गं?" वहिनी धावत आमच्याकडं आल्या आणि बायकोचा हात धरून रडल्या. आमच्या मजल्यावर हा होकार समजला गेला.

आणि मग तिकडून निरोप येणंच बंद झालं.

आधी तिकडची माणसं रोज फोन करायची. आता वहिनींनी केला तर "बघू, कळवतो." मुलगी जिना चढताना गुणगुणायची, ती थांबली. शेवटी वहिनींनी मध्यस्थ बाईंना गाठलं. बाईंनी आढेवेढे घेत सांगितलं, "त्यांनी शेजारी चौकशी केली. एका शेजाऱ्यानं सांगायचं टाळलं."

आता चौकशी म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगी वाईट आहे, असं कुणी कधी सांगत नाही. तेवढी सभ्यता सगळ्यांत असते. विचारणारा विचारतो, आणि मग शब्दांकडं नाही, शब्दांच्या मधल्या जागेकडं कान लावतो. "चांगली आहे" पटकन आलं तर चांगली आहे. "तशी चांगली आहे" म्हटलं की लग्नाचा हॉल बघायचं थांबवायचं. आणि सांगणाऱ्यानं विषयच टाळला, तर मग देवानं येऊन सांगितलं तरी ते लग्न होत नाही.

वहिनी आमच्या सोफ्यावर बसून म्हणाल्या, "भाऊजी, आपल्यातल्याच कुणीतरी माझ्या पोरीचं वाटोळं केलंय. मला फक्त नाव पाहिजे."

मला काय स्फुरण चढलं! अहो, आयुष्यभर दगडातल्या देवदेवतांची भांडणं सोडवलेला माणूस मी, मला एक शेजारी सापडणार नाही? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "वहिनी, नाव तुमच्यासमोर आणून ठेवतो."

माझा पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांवर. मुलीची स्कूटी त्यांच्या तुळशीकुंडीला घासली होती, तेव्हापासून ते तिला बघितलं की कुंडीकडं बघायचे. मी हवापाण्यावरून सुरुवात केली, मग लग्नसराईवर आलो, मग एकदम त्यांच्या डोळ्यांत बघून थांबलो. माझं हे थांबणं पाहुण्यांवर फार चालतं. साहेब म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?" तरी मी उठताना त्यांच्या चपलांकडं संशयानं बघून घेतलं.

दुसरा संशय कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवर. तिथं सगळ्या गल्लीच्या बातम्या दळल्या जातात. मी ज्वारीचा डबा ठेवला आणि सहज विचारलं, हर्सूलचे कुणी पाव्हणे येऊन गेले का.

गिरणीवाल्या भाईनं पट्टा थांबवला. "मेरे पे शक कर रै क्या?"

"तसं नाही हो भाई."

"तसंच आहे. अरे, मेरे कू कोई पूछाच नै! पूछते तो मैं आधा घंटा बोलता. ती पोरगी लहान असताना हितं डब्यावर बसून पाढे म्हणायची. कोण बोल्या मेरा नाम?" तो इतका दुखावला की माझं पीठ त्यानं जाडसर काढलं, आणि घरी भाकरी थापताना बायकोनं त्याचाही जाब मलाच विचारला.

मी हरलो नव्हतो. जेवताना मी तिला माझे नवे तर्क ऐकवत होतो. दूधवाला, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, भिशीतल्या बायका. ती मुकाट्यानं वाढत होती. मग वाढता वाढता थांबली.

"तुम्हाला कुणी विचारलं नाही?"

"मला? मला विचारलं असतं तर आत्तापर्यंत पोरगी सासरी असती!"

"फोन बघा."

"फोन काय बघायचा?"

"अहो, बघा तर."

मला हसू आलं. उत्तर गेलेले मेसेज मी उघडून बघतच नसे. ज्याला उत्तर गेलं तो माझ्या लेखी संपला. पर्यटकांच्या त्या रांगेत मी बोट फिरवत खाली गेलो. एक अनोळखी नंबर. आधी न उचललेला फोन, त्याखाली मेसेज: "नमस्कार. मी हर्सूलहून, मुलाचा चुलता. तुमच्या समोरच्या घरातल्या मुलीसाठी बोलणं चालू आहे. शेजारी म्हणून खरं सांगावं. मुलगी कशी आहे?"

त्याखाली माझ्या नावानं: "आत्ता बोलता येत नाही. समोर लोक आहेत. भेटल्यावर सगळं सांगतो."

आणि त्याखाली त्यांचं: "समजलं. धन्यवाद."

त्या "समजलं"वर माझं बोट थांबलं. समोर लोक आहेत! कुणाला वाटणार नाही की वहिनीच माझ्यासमोर बसल्या होत्या आणि मी तोंड दाबून धरलं होतं? बायकोनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्यानंच मी जास्त घाबरलो.

मधला व्हरांडा ओलांडायला चार पावलं पुरतात. मी फोन हातात धरून ती ओलांडली. वहिनींनी वाचलं, पुन्हा वाचलं. "भाऊजी, तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. मुलीनं त्यांच्या हातातून फोन घेतला, वाचला आणि खुर्चीत बसली.

"मीच टाईप केलं होतं हे."

मी तोंड उघडलं, हात वर केला, तिनं तो हात मध्येच धरून खाली आणला.

"काका, उद्या हर्सूलला जा. आणि नाटक करू नका. प्लीज. मला तिथंच जायचंय."

इतकं सरळ ती आईशीही बोलली नव्हती. वहिनींनी तिच्याकडं बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. हर्सूलच्या त्या घरात चुलते ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मिशी पांढरी, नजर अशी की समोरचा माणूस आपले खिसे चाचपून बघेल. मी ओळख सांगितली.

"या. ते समोर लोक असलेले तुम्हीच व्हय?"

मी म्हणालो, ते मी लिहिलं नव्हतं, फोननं लिहिलं.

"फोननं."

"हो. आपोआप."

"मंग आमचा फोन का लिहीत नाय? ह्याला बी आम्ही रोज चार्ज करतो."

मी ती सोय चालू करून फोन त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि म्हणालो, "आता करा मला मेसेज. काहीही." त्यांनी चष्मा लावून एका बोटानं टाईप केलं. माझा फोन थरथरला, मग त्यांचा. त्यांनी वाचलं. माझ्या हातांकडं बघितलं. स्टुलाखाली वाकून बघितलं. पुन्हा एक मेसेज केला, पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि आत जाऊन मेसेज केला.

"बरं," ते बाहेर येत म्हणाले. "मशीनचं मानलं. आता तुम्ही सांगा. पोरगी कशी हाय?"

माझा जीव भांड्यात पडला आणि तिथंच माझं चुकलं. मी सुरू झालो. सुशील, कष्टाळू, आईची काठी, गल्लीचं लेणं. आवाज चढला, हात निघाले. समोर चुलत्यांचा चेहरा पुन्हा बंद होत गेला.

"पाव्हणं, थांबा. सुट्टीचा दिवस मोडून, बस धरून, शेजारी येतो अन् इतकं गोड बोलतो. का? तुम्हाला पाठवलंय ना त्यांनी?"

"पाठवलंय," मी म्हणालो. मुलीनं धरलेला हात मला आठवला.

"मंग तिची एक खोड सांगा. खरी. नायतर चहा घ्या अन् निघा."

आता आली पंचाईत. खोड सांगावी तर स्थळ जाणार, नाही सांगावी तर गेलेलंच आहे. आतल्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. चुलती असाव्यात. मी हात मांडीवर ठेवले.

"तिला कुणी थाप मारलेली चालत नाही," मी म्हणालो. "एकदा मैत्रिणींना घेऊन वेरूळला आली होती. मी पाहुण्यांना दोन भावांची गोष्ट सांगत होतो. एकानं वरून डोंगर खोदत आणला, दुसऱ्यानं खालून हत्ती घडवला, आणि शेवटी दोघांची गाठ पडली ते नेमकं त्या जागी. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात ही मागून म्हणाली, 'काका, मागच्या वर्षी ते बाप-लेक होते.'"

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत. एका माणसानं तर वहीत लिहून घेतलेलं खोडलं. मी तिच्याशी लई दिवस बोललो नाही. अजून तिथं उभा राहिलो की आधी मागं बघून घेतो."

हसल्या त्या दारातल्या बाई, पदर तोंडाशी धरून. "मंग आणाच तिला. ह्यांनी जवानीत विहिरीतून बिबट्या काढलेला हाय. दर दिवाळीला तो हातभर वाढतो. घरात एक विचारणारं पाहिजेच होतं."

"बिबट्याच होता तो," चुलते म्हणाले.

"पहिल्यांदा सांगितला तवा मांजर होतं."

चुलते माझ्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. "चहा टाक," ते आत बघून म्हणाले. "अन् पोहे बी." खुलासा करायला आलेल्या माणसाला पोहे मिळाले म्हणजे काय, हेही आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

लग्न बुद्धविहारात झालं, साधं आणि वेळेवर. मी भाषण करणार नाही असं वहिनींनी माझ्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. गिरणीवाला भाई पहिल्या पंगतीला होता. निवृत्त साहेबांनी तुळशीची एक कुंडी भेट दिली आणि माझ्याकडं रोखून बघत मलाच पाणी हवं का विचारलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मुलीनं माझा फोन मागितला. मला वाटलं, ती सोय बंद करतेय. दुसऱ्या दिवशी वेरूळला नागपूरच्या मंडळींनी मेसेजमध्ये विचारलं होतं, सकाळी किती वाजता भेटायचं. माझ्या नावानं उत्तर गेलं होतं: "मुलगी चांगली आहे. बाकी भेटल्यावर."

त्यांनी उलट अभिनंदन कळवलं होतं.

मी ते बदललेलं नाही. बायको भाजीचं विचारते तेव्हा तिलाही हेच उत्तर जातं आणि ती दारात विचारते, "कुठली मुलगी?" चुलत्यांचा मात्र मशीनवरचा संशय अजून पुरता गेलेला नाही. मधूनच, मी हत्तीपाशी हात वर करून उभा असलो की खिशात थरथर होते. बाहेर येऊन बघतो तर त्यांचा मेसेज असतो, "पोरगी कशी हाय?" खाली माझ्या नावानं तेच ठरलेलं उत्तर, आणि त्याखाली त्यांचं: "समजलं. धन्यवाद."