राखण

राष्ट्रीय उद्यानातल्या निरीक्षण मनोऱ्यावर आम्ही गप्प बसलो होतो. आभाळ मळभलेलं, समोर पिवळं पडलेलं गवत. "बोलू नका जी, जनावर बुजते," असं आमचे वाटाडे मारोतीभाऊ यांनीच बजावलं होतं.

बऱ्याच वेळानं चितळांचा कळप गवतात उतरला. तोच मारोतीभाऊ ताडकन उठले आणि हात हलवत ओरडले, "हाऽऽड! हाऽऽड!"

कळप उधळला. माझी बायको चिडलीच. "अहो भाऊ, हे काय केलंत?"

ते मटकन खाली बसले. "चुकलं जी. हे आमचंच वावर होतं. तूर राहे इथं. जंगलासाठी गाव उठलं, पण चितळ दिसलं का तोंडातून निघूनच जाते."

गाव उठवता येतं. गवत माजलं की बांधही दिसेनासे होतात. पण अंगात मुरलेली राखण कुठं नेऊन वसवायची?

दिवस कलताना कळप परत आला आणि निवांत चरू लागला. चितळं सुंदरच दिसत होती, पण मला ती बघवेनात. मी शेजारी पाहिलं.

मारोतीभाऊंनी स्वतःचंच तोंड हातानं घट्ट दाबून धरलं होतं.